दप्तराविना दिवस आणि रानाची वाट

सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना वर्षातून दहा दिवस दप्तराविना शाळेत बोलवावे, अशी शिफारस २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने केली. एनसीईआरटीने २०२४ च्या जुलैमध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. विज्ञान, पर्यावरण व तंत्रज्ञान हा एक विषयगट. सार्वजनिक कार्यालये, स्थानिक उद्योग व व्यवसाय हा दुसरा. कला, संस्कृती व इतिहास हा तिसरा. मुलांनी सुताराकडे जावे, टपाल कार्यालय पाहावे, तळ्यावर जावे, असा त्यामागचा व्यापक हेतू आहे. या दहा दिवसांची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने दप्तराच्या ओझ्यापुरती झाली आणि ओसरली. वास्तविक यातले दोन-तीन दिवस जरी मुलांना शहराजवळच्या रानात नेण्यासाठी खर्ची पडले, तर त्याचा संबंध पाठीच्या दुखण्यापेक्षा पुष्कळ मोठ्या गोष्टीशी जोडता येईल. ज्या जंगलांच्या रक्षणासाठी आपण कायदे करतो, न्यायालयात जातो, कुंपणे घालतो, त्या जंगलांना पुढच्या तीस-चाळीस वर्षांत कोणी वाली उरणार आहे की नाही, हा तो प्रश्न आहे.

पर्यावरण शिक्षण आपल्याकडे नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा विषय सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. पुढे बारा वर्षांनी, २००३ च्या डिसेंबरमध्ये, न्यायालयाला त्याच विषयावर पुन्हा आदेश द्यावे लागले आणि एनसीईआरटीला अभ्यासक्रम तयार करावा लागला. आज महाराष्ट्रात प्राथमिक वर्गांना 'परिसर अभ्यास' आहे आणि अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' आहे. पुस्तके आहेत, गुण आहेत, प्रकल्पवह्या आहेत. नाही तो परिसर. 'परिसर अभ्यास' नावाचा विषय चार भिंतींच्या आत, खिडकीकडे पाठ करून शिकवता येतो, हा आपल्या शिक्षणव्यवस्थेचा एक चमत्कारच म्हटला पाहिजे. प्रकल्पवही कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते. त्यात चिकटवण्याची चित्रेही तेथेच मिळतात. पाच जूनला थर्माकोलचे वाघाचे मुखवटे लावून वसुंधरा वाचवण्याच्या घोषणा देत निघालेली दिंडी पाहिली की, थर्माकोलचे पुढे काय होते, हे या मुलांना कोणी सांगितले असेल का, अशी शंका येते.

न्यायालयाने विषय सक्तीचा केला. अनुभव सक्तीचा करता येत नाही. आणि संशोधन जे सांगते ते नेमके या फरकाविषयी आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या नॅन्सी वेल्स आणि क्रिस्टी लेकीस यांनी २००६ साली शहरी भागांतील सुमारे दोन हजार प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. अकरा वर्षांच्या आत जी मुले रानात भटकली, डोंगर चढली, तंबूत राहिली, त्यांच्या मनात मोठेपणी निसर्गाविषयी आस्था असण्याची आणि त्यांच्या वर्तनातही ती उतरण्याची शक्यता अधिक असल्याचे त्यात दिसले. फुले-भाज्या लावणे, बागेत काम करणे यांचाही परिणाम दिसला, पण तो तुलनेने कमी. चकित करणारी बाब वेगळीच होती. पर्यावरण शिक्षणाच्या ठरावीक कार्यक्रमांत भाग घेतल्याचा तसा परिणाम आढळला नाही. अर्थात, हा अभ्यास अमेरिकेतला आहे आणि तो प्रौढांच्या आठवणींवर आधारलेला आहे. ज्या घरांत निसर्गाची ओढ होती त्याच घरांतली मुले रानात गेली असतील, हा आक्षेपही त्यावर घेता येतो. तरीही या विषयावर लुईस चावला यांच्यासारख्या अभ्यासकांनी पर्यावरणासाठी काम करणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा दोन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर आल्या. लहानपणी एखाद्या मोकळ्या जागेत मनसोक्त घालवलेला काळ ही एक, आणि तेथे बोट धरून नेणारे वडीलधारे माणूस ही दुसरी.

मराठी वाचकाला यासाठी अमेरिकेकडे पाहण्याचीही गरज नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईच्या खेतवाडीत वाढणाऱ्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्याला पडला, मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तेथले मानद सचिव मिलर्ड यांनी त्या बुजऱ्या पोराला हाकलून न देता पक्ष्यांच्या संग्रहाचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. सालिम अली यांची ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण ती आपण नेहमी एका असामान्य बालकाची गोष्ट म्हणून सांगतो. ती मिलर्ड यांचीही गोष्ट आहे. एका संस्थेचे दार एका मुलासाठी उघडे होते आणि आत एक माणूस होता, ज्याच्यापाशी ज्ञान होते आणि वेळही होता. पुढे भरतपूरचे पाणपक्ष्यांचे रान वाचले आणि केरळातील सायलेंट व्हॅली धरणाखाली गेली नाही, यात सालिम अलींच्या शब्दाला जे वजन होते त्याचा हिशेब त्या दुपारपासून मांडावा लागतो.

मुंबईच्या सीमेत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रान एवढ्या मोठ्या महानगराच्या मधोमध असणे, हे जगातल्या दुर्मीळ भाग्यांपैकी एक आहे. २०१५ साली कॅमेऱ्यांच्या साहाय्याने झालेल्या मोजणीत या परिसरात ३५ बिबटे आढळले होते. विहार आणि तुळशी हे ब्रिटिश काळातील तलाव याच रानात आहेत. बहुसंख्य शाळांचे या उद्यानाशी असलेले नाते मात्र वनराणीची छोटी गाडी, सिंह-सफारीची बस, कान्हेरीच्या पायऱ्यांवर डबा आणि परत, एवढ्यापुरतेच राहिले आहे. तेही आता कमी झाले, कारण सहलींचा ओघ जलक्रीडा उद्यानांकडे आणि रिसॉर्टांकडे वळला.

शाळांना यासाठी दोष देणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही होईल. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. २०२४ च्या जानेवारीत वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची नाव उलटून बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर परिपत्रके निघतात, हमीपत्रांची संख्या वाढते आणि जबाबदारी अखेर मुख्याध्यापकाच्या सहीवर येऊन थांबते. ज्याला या सहीची किंमत ठाऊक आहे, असा माणूस चाळीस मुलांना ओढ्याकाठी कशाला नेईल? तिकीट काढून आत गेले की जबाबदारी दुसऱ्याची, या हिशेबाने तो जलक्रीडा उद्यान निवडतो. राज्याने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण डोंगर चढवणे हे साहस आणि चौथीच्या मुलांना रानात दोन तास चालवणे हे शिक्षण, हा भेद प्रशासनाच्या मनात अद्याप पुरेसा स्पष्ट झालेला दिसत नाही. दुसऱ्या प्रकारासाठी दोर, शिरस्त्राण लागत नाही. दहा-बारा मुलांमागे एक जाणता माणूस, आधी पाहून ठेवलेली वाट, पाण्यात न उतरण्याचा नियम, प्रथमोपचाराची पेटी आणि विमा एवढे लागते. आज मुख्याध्यापकाला धाक दाखवणारी परिपत्रके आहेत. हे सारे पुरवणारी यंत्रणा नाही.

ती असली तर काय शिकवता येईल, याचे एक उदाहरण. विहार तलावाचे ओसंडणारे पाणी मिठी नदीत येते. तेथून पवई, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल असा सुमारे अठरा किलोमीटरचा प्रवास करून ती माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या नदीचे अस्तित्व अनेक मुंबईकरांना प्रथमच कळले. सातवीच्या वर्गाला एका दिवशी रानातले स्वच्छ पाणी दाखवावे आणि दुसऱ्या दिवशी कुर्ल्याच्या पुलावर उभे करावे. भूगोल, नागरिकशास्त्र, विज्ञान आणि थोडे राजकारणही त्यांना न शिकवता समजेल. आपण ज्याला नाला म्हणतो ती नदी आहे, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो पंचवीस वर्षांनी महापालिकेच्या नाल्यांविषयीच्या निर्णयांकडे वेगळ्या नजरेने पाहील.

बिबट्यांच्या बाबतीत तर या शिक्षणाचा संबंध थेट जीवित-वित्ताशी आहे. २००४ साली उद्यानाच्या भोवताली बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले होते. त्या वेळच्या घबराटीत पकडलेले बिबटे एका ठिकाणाहून दुसरीकडे सोडणे हाच उपाय मानला जात होता. पुढे जुन्नर परिसरात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून असे स्थलांतर हल्ले कमी करण्याऐवजी वाढवते, हे निदर्शनास आले. २०११ मध्ये वनखात्याने संशोधक, नागरिक आणि पत्रकारांना बरोबर घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. कचरा साचला की भटकी कुत्री वाढतात, कुत्री वाढली की बिबट्या येतो. अंधारात एकट्या मुलाला बाहेर पाठवू नये. बिबट्या दिसला म्हणून गर्दी करू नये. या साध्या गोष्टी वस्त्यांत, सोसायट्यांत आणि शाळांत सांगण्यात आल्या. त्यानंतरच्या वर्षांत हल्ले बरेच घटले. त्याचे सारे श्रेय जनजागृतीला देता येणार नाही, आणि हल्ले संपले असेही नाही; आरे वसाहतीत २०२१ आणि २०२२ मध्ये पुन्हा ते झाले. पण पिंजऱ्यांवरचा खर्च आणि शाळांत जाऊन बोलण्याचा खर्च यांची तुलना केली, तर कोणता स्वस्त पडला हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

येथे शहरी वाचकांनी एका गोष्टीचे भान ठेवायला हवे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत काही दिवसांच्या अंतराने तिघांचा बळी गेला. त्यांत दोन मुले होती. संतापलेल्या गावकऱ्यांनी रस्ता अडवला, वनखात्याच्या वाहनाला आग लावली. ज्या घरातले मूल गेले, त्या घराला निसर्गप्रेमाचे धडे देणे क्रौर्य ठरेल. उसाच्या फडातच जन्मलेल्या बिबट्याशी ज्यांचा रोज संबंध येतो, त्या गावांतील मुलांना निसर्गशिक्षण म्हणजे सर्वप्रथम सुरक्षिततेचे शिक्षण, उजेडाची सोय आणि शाळेपर्यंतची सुरक्षित वाट. पुण्या-मुंबईच्या मुलांना बिबट्या हे कुतूहल आहे, त्यांना ते संकट आहे. दोघांना एकच पुस्तिका वाटून चालणार नाही. किंबहुना शहरातल्या मुलांनी रान पाहावे, तसेच रानाच्या कडेला राहणाऱ्यांचे जगणेही पाहावे. त्याशिवाय वाघ-बिबट्यांविषयीचे शहरी मत हे दुसऱ्याच्या जिवावर केलेले औदार्य राहील.

आणि ज्यांना हे ज्ञान वारशाने मिळालेले आहे, त्यांचे काय? संजय गांधी उद्यानात आणि आरेत वारली पाडे आहेत. वाघोबाला देव मानणारी, वाघबारस पाळणारी ही माणसे बिबट्यांच्या शेजारी पिढ्यान्पिढ्या राहिली. तेथल्या आजीला पावसाळ्यातल्या जितक्या रानभाज्या ओळखता येतात, तितक्या आपल्या जीवशास्त्राच्या पदवीधराला येणार नाहीत. उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याच्या १९९७ च्या न्यायालयीन आदेशानंतर या पाड्यांच्या डोक्यावर स्थलांतराची टांगती तलवार राहिली. त्यांच्या मुलांना शाळेत आपण जंगलाविषयी 'जागृत' करू पाहतो, हा विनोद करुण आहे. शाळांच्या सहलींना वाट दाखवणारे, पाऊलखुणा वाचून दाखवणारे शिक्षक म्हणून या पाड्यांतील तरुणांना प्रशिक्षण आणि नियमित मानधन मिळाले, तर मुलांना जाणते माणूस मिळेल आणि पाड्याला रोजगार. मानधन हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. हंगामात चार दिवस बोलावून खाऊपुरते पैसे देणे नव्हे.

पैसा कोठून आणायचा, असा प्रश्न साहजिकच येतो, आणि आश्चर्य असे की, याचे उत्तर कायद्यात लिहून ठेवलेले आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली दुरुस्ती झाली, तेव्हा प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी एक प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद ३८ एक्स या कलमाने केली. प्रवेशशुल्कातून मिळणारा पैसा प्रकल्पाच्याच कामी यावा, हा त्याचा एक उद्देश. संशोधन, पर्यावरण शिक्षण आणि प्रशिक्षण यांना साहाय्य करणे, हाही त्याच कलमात नमूद केलेला उद्देश आहे. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर असे सहा व्याघ्र प्रकल्प आहेत. ताडोबाची सफारी मिळवण्यासाठी महिनोन् महिने आधी नोंदणी करावी लागते आणि तिच्यासाठी कुटुंबागणिक काही हजार रुपये मोजणारे पर्यटक देशभरातून येतात. त्या उत्पन्नातला एक ठरावीक हिस्सा भोवतालच्या गावांतील शाळकरी मुलांच्या वनभेटींसाठी बांधून द्यावा आणि त्याचा हिशेब दरवर्षी जाहीर करावा, यासाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या दारातला वाघ परगावच्या पाहुण्याने पाहायचा आणि आपण फक्त गुरे गमवायची, ही भावना ज्या गावात रुजली, तेथे वनरक्षकाला माहिती द्यायला कोणी पुढे येत नाही. शिकाऱ्याला मात्र येते. शहरांबाबत कंपनी कायद्याखालील सामाजिक दायित्वाचा निधी आहे. २०१३ च्या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण आणि पर्यावरण दोन्ही येतात. आज तो निधी रोपे लावण्यावर आणि त्या रोपांशेजारी फलक लावण्यावर खर्च होतो. फलक बहुधा रोपांपेक्षा जास्त टिकतात.

अमेरिकेने २०१५ साली चौथीतल्या प्रत्येक मुलाला कुटुंबासह राष्ट्रीय उद्यानांत वर्षभर मोफत प्रवेश देण्याची योजना आणली आणि २०१९ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. तेथेही लक्षात आले ते हेच, की पास फुकट असला तरी बसचे भाडे कोणीतरी द्यावे लागते. गरीब वस्तीतील शाळांसाठी प्रवासखर्चाची वेगळी तजवीज करावी लागली. आपल्याकडे महापालिकेच्या शाळेतल्या मुलाच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच लागू आहे. खासगी शाळेतला मुलगा उद्या पालकांबरोबर कान्हाला जाईल. गोवंडीच्या किंवा धारावीच्या शाळेतल्या मुलीला बोरिवलीचे रानही शाळेने नेल्याशिवाय दिसणार नाही.

एका आक्षेपाचा विचार करायला हवा. आधीच माणसांच्या गर्दीने रान त्रासले आहे. कास पठारावर फुलांच्या हंगामात गर्दी इतकी वाढली, की रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. पावसाळ्यात सह्याद्रीच्या धबधब्यांवर जे चालते ते पाहून जिल्हाधिकाऱ्यांना बंदी घालावी लागते; २०२४ च्या जूनमध्ये भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यात शाळांच्या बसगाड्यांची भर कशाला? हा आक्षेप अगदी रास्त आहे, म्हणून मुलांना नेण्याची जागा निवडताना विचार हवा. शिक्षणासाठी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा लागत नाही. पुण्याच्या मुलांना वेताळ टेकडी आहे, ठाण्याच्या मुलांना येऊर आहे, नागपूरच्या मुलांना गोरेवाडा आहे. पाच वेळा त्याच टेकडीवर गेलेले मूल तिचे ऋतू ओळखू लागते. पाच वेगवेगळी ठिकाणे एकेकदा पाहिलेले मूल छायाचित्रे घेऊन येते. आणि भुशीला दंगा करणारे जे तरुण आपण पाहतो, त्यांतल्या कितीजणांना दहाव्या वर्षी कोणी ओढ्याकाठी गप्प बसायला शिकवले होते? बंदीने गर्दी हटते, शिस्त लागत नाही.

या साऱ्याची निकड आताच का, तर रानांविषयीचे मोठे निर्णय आता वेगाने होत आहेत. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचे काम राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून होत आहे; गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदेही त्याच डोंगराखालून जाणार आहेत. यांतला कोणता प्रकल्प आवश्यक, कोणता टाळता येण्याजोगा आणि कोणत्या अटींवर व्हावा, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. मात्र मत असण्यासाठी त्या जागेची ओळख लागते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात झाडे तोडली गेली, तेव्हा रस्त्यावर आलेल्यांत तरुणांची संख्या मोठी होती आणि कायद्याच्या एका विद्यार्थ्याच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने सुटीच्या काळात सुनावणी घेतली. कारशेड अखेर आरेतच झाली आणि मेट्रोही धावू लागली. मात्र त्या वादंगाच्या ओघात आरेतील सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित झाली, हेही विसरता येत नाही. हरलेल्या लढाईने एवढे पदरात टाकले, ते आरेच्या वाटा पायाखालच्या असलेली माणसे शहरात होती म्हणून. महाराष्ट्रातली बहुतेक राने मुंबईपासून दूर आहेत आणि त्यांच्या नावाने रस्त्यावर येणारे कोणी नाही.

प्रशासकीय पातळीवर करण्यासारखे थोडेच आहे, पण ते दोन खात्यांनी मिळून करायचे आहे, म्हणून अवघड आहे. शिक्षणखात्याने दहा दिवसांतील किमान दोन दिवस निसर्गभेटीसाठी राखावेत आणि ते एकाच जागी, दोन वेगवेगळ्या ऋतूंत असावेत, असे सुचवावे. वनखात्याने प्रत्येक मोठ्या शहराजवळच्या ठरावीक वाटा, शाळांसाठी ठरावीक वार आणि प्रशिक्षित वाटाड्यांची यादी जाहीर करावी. शिक्षकांना त्या वाटेवरून आधी एकदा चालवून आणावे. ज्या शिक्षकाने स्वतः कधी रान पाहिले नाही, त्याच्याकडून वर्ग नेण्याची अपेक्षा करू नये. जबाबदारीचे वाटप आणि विमा यांविषयी दोन्ही खात्यांचा एकच लेखी आदेश असावा, म्हणजे मुख्याध्यापकाच्या सहीचे भय कमी होईल. पक्षीसप्ताह महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर या काळात, म्हणजे मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिनांच्या दरम्यान साजरा होतो. तो अनेकदा दिवाळीच्या सुटीत सापडतो किंवा व्याख्यानांत आटोपतो. रानात जाण्याचा उत्तम काळ पावसाळा ओसरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. त्याच काळात शाळांत स्नेहसंमेलने, क्रीडास्पर्धा आणि परीक्षांची तयारी असते. त्यामुळे हे दिवस जूनमध्ये वर्षाचे वेळापत्रक आखतानाच त्यात घालावे लागतील. डिसेंबरात ते कोणालाही सापडणार नाहीत.